ॲक्टिव्हावर मावेल एवढाच साउंड

बेळगावातल्या वडगावात आमच्या घरात चार यंत्रमाग चालायचे. जेवताना भाजी मागायची तरी ओरडून मागायची, असं आमचं बालपण. त्यामुळे गिटार घेऊन लोकांसमोर गायचं ठरलं तेव्हा डोक्यात एकच होतं, आवाज मोठा पाहिजे. बारा हजार मोजून ट्रॉली स्पीकर आणला. खाली चाकं, पुढे लाल-निळे दिवे, खोक्यावर 'पाच हजार वॅट' आणि बरोबर दोन कॉर्डलेस माईक फुकट. टिळकवाडीतल्या एका कॅफेत त्याच्यावर गायले. दुसरं गाणं संपल्यावर कोपऱ्यातल्या टेबलावरचे एक काका उठून जवळ आले आणि हळूच म्हणाले, "पोरी, आवाज भरपूर येतोय बघ. शब्द तेवढा एक कळंना."

बेळगावात हे ऐकून घ्यावं लागतं. कुमार गंधर्वांचं जन्मगाव सुळेभावी इथून अर्ध्या तासावर. भजनं, नाट्यसंगीत आणि गणपतीतले गाण्याचे कार्यक्रम ऐकत वाढलेली माणसं समोर बसलेली असतात. शब्द कळले नाहीत तर ती भांडत नाहीत, चहा ढवळत बसतात. ते जास्त लागतं.

त्याला आता आठ वर्षं झाली. हळदी, साखरपुडे, कॅफे, जांबोटी-कणकुंबीकडची रिसॉर्ट, हिवाळ्यात चोर्ला घाट उतरून गोवा, असं सगळीकडे एकटीच जाते. महिन्यातून एकदा तरी कुणी पोरगं फोन करून विचारतं, "अक्का, स्पीकर कुठला घेऊ?" माझं उत्तर ठरलेलं आहे. स्पीकर शेवटी घे. खरेदी तोंडापासून सुरू करायची: आधी माईक, मग गिटारची लाईन, म्हणजे तिचा सिग्नल स्पीकरपर्यंत नेणारी सोय, मग वायरी आणि अर्थिंग, आणि उरलेल्या पैशांत स्पीकर. आम्ही सगळेजण नेमकं उलटं करतो.

माईक

डायनॅमिक, कार्डिऑइड, वायरवाला. सुरुवातीला एवढे तीन शब्द दुकानात सांगायचे आणि बाकी काही ऐकायचं नाही. डायनॅमिक माईकला वेगळी वीज लागत नाही, हातातून पडला तरी बहुधा जगतो. कार्डिऑइड म्हणजे समोरचं ऐकणारा आणि पाठीमागचं बऱ्यापैकी न ऐकणारा. कंडेन्सर माईक घरी रेकॉर्डिंगला सुंदर, पण त्याला साउंडच्या मिक्सरमधून, म्हणजे सगळ्या वायरी जिथे येतात त्या पेटीतून, 48 व्होल्टची फँटम पॉवर लागते, आणि कॅफेत तो तुमच्या गळ्याबरोबर काउंटरवरचा ज्यूसचा मिक्सरही तितक्याच प्रेमाने ऐकवतो.

शुअरचा एसएम58 हा 1966 पासूनचा माईक. तो मागितला तर कुठलाही साउंडवाला नाक मुरडत नाही, हा त्याचा मोठा गुण. खरा नवा माईक आठ-दहा हजारांच्या घरात जातो. हजार-बाराशेला मिळाला तर तो नकली समजा. मीही एक घेतला होता. डबा, पाऊच, क्लिप सगळं हुबेहूब. घरी स्वयंपाकघरातल्या काट्यावर ठेवला तर 240 ग्रॅम भरला. खरा 298 ग्रॅमचा असतो. नकली जडही बनवता येतो, म्हणून काट्यावर फार विसंबू नका, पक्कं बिल देणाऱ्याकडूनच घ्या. एवढे पैसे नसतील तर बेहरिंगरचा एक्सएम8500 खूप स्वस्त आहे आणि खरा मिळतो. नकली भारीपेक्षा खरा स्वस्त कधीही बरा. मधल्या पायरीवर सेनहायझरचा ई835 आहे. माझ्या आवाजाला तोच जास्त मानवला, 58 पेक्षा थोडा उघडा वाटतो.

माईक निवडताना 'हॅलो, माईक टेस्टिंग' म्हणून काही कळत नाही. "पावसात भिजलेली फुलं पुन्हा भेटली" असलं काहीतरी म्हणा, म्हणजे प, फ, भ ला माईक फुटतो का ते समजतं. मग "शेजारच्या सासूबाई" म्हणा. स आणि श टोचतात का ते कळेल. हसू नका, दुकानदार हसला तरी हसू द्या.

ओठ माईकपासून दोन बोटांवर ठेवा. जवळ गेलं की आवाजाला बेस चढतो, पुरुषांचे आवाज त्यात गढूळ होतात. मिक्सरवर 80 किंवा 100 हर्ट्झचं लो-कट, म्हणजे त्याखालचा घुमणारा आवाज कापणारं बटण असेल तर आवाजाच्या चॅनेलला ते दाबूनच ठेवा. आणि माईकच्या जाळीला मूठ मारून धरायची नाही. तसं धरलं की माईक चारी बाजूंचं ऐकायला लागतो आणि शिट्टी मारतो.

गिटारची लाईन

इथे मी सगळ्यात जास्त मार खाल्लाय.

आपल्याकडच्या बहुतेक सेमी-अकॉस्टिक गिटारांत ब्रिजच्या पांढऱ्या पट्टीखाली तारांची थरथर विजेच्या सिग्नलात बदलणारा पिएझो पिकअप असतो. त्याचा सिग्नल अशक्त असतो. ट्रॉली स्पीकरच्या माईकच्या भोकात तो थेट खुपसला तर गिटार प्लास्टिकच्या डब्यावर रबर लावून वाजवल्यासारखी येते. गिटारीत सिग्नलला बळ देणारा बॅटरीवाला प्रीॲम्प असेल तर काम सोपं होतं. नसेल तर बाहेरून प्रीॲम्प किंवा ॲक्टिव्ह डीआय बॉक्स (गिटारीचा सिग्नल मिक्सरला चालेल असा करणारी डबी) घ्यावा लागतो, ज्याचा इनपुट निदान एक मेगाओमचा असेल. हा आकडा खोक्यावर किंवा कागदावर शोधा. पाच हजारांच्या आत काम होतं आणि स्पीकर बदलून जेवढा फरक पडत नाही तेवढा त्याने पडतो.

बेळगावजवळच्या मच्छे गावात एक हळद होती. माझी गिटार ड्रेडनॉट, म्हणजे मोठ्या पोटाची. गाणं जी (G) मेजरमध्ये. पहिला जी कॉर्ड मारला आणि गिटार 'हूंऽऽ' करून उठली, थांबेचना. हात ठेवला की गप्प, उचलला की पुन्हा हूं. डी वाजवला, सी वाजवला, ठीक. जी आला की हूं. नवरदेवाचा मामा म्हणाला, "गिटारीत कोण बसलंय काय?"

कोण बसलंय ते घरी येऊन शोधलं. प्रत्येक अकॉस्टिक गिटारीच्या पोटातल्या हवेचा एक स्वतःचा सूर असतो. मोठ्या गिटारीत तो साधारण 100 हर्ट्झच्या आसपास पडतो. सहाव्या, म्हणजे सगळ्यात जाड तारेवर तिसऱ्या पडद्यावरचा जी 98 हर्ट्झचा. म्हणजे स्पीकरमधून तो सूर आला की गिटारीचं पोट थरथरतं, पिकअप ते पुन्हा स्पीकरला पाठवतो, स्पीकर पुन्हा पोटाला. तुमच्या गिटारीचा सूर शोधायचा असेल तर भोकाजवळ तोंड नेऊन 'ऊ' लावा आणि हळूहळू खाली उतरत या. एका ठिकाणी लाकूड तळव्याला गुदगुल्या करायला लागतं, तोच. माझा आवाज तिथवर उतरत नाही, म्हणून भावाला गायला बसवलं. तो जन्मात कधी गायला नव्हता. पण जी ला गिटार थरथरली तेव्हा त्याला स्वतःच्या गळ्याचा इतका अभिमान वाटला की आठवडाभर घरात 'ऊ' चालू होतं.

उपाय चार, आणि मी याच क्रमाने करते. भोकात बसणारं रबरी झाकण लावायचं. पाच-सातशे रुपयांत अर्धं दुखणं जातं. मग प्रीॲम्पवर 'फेज' नावाचं बटण असेल तर ते एकदा दाबून बघायचं, कधीकधी तेवढ्यानेच हूं बंद होतं. नाही झालं तर 'नॉच'ची खुंटी फिरवत नेमका तो सूर कापायचा. नॉच नसेल तर बेसच कमी करायचा. आणि चौथा, जो फुकट आहे: गिटारीचं तोंड स्पीकरकडे करून उभं राहायचं नाही.

नऊ व्होल्टच्या बॅटरीबद्दल एकच. गिटारीला वायर लावली की प्रीॲम्प चालू होतो, तिथे वेगळं बटण नसतं. कार्यक्रम संपल्यावर वायर उपसायची. मी एकदा रात्रभर लावून ठेवली आणि दुसऱ्या दिवशी निपाणीत, साखरपुड्याच्या ऐन मुहूर्ताला, गिटार फाटक्या आवाजात कुरकुरायला लागली. तेव्हापासून पर्समध्ये एक बॅटरी असतेच, लिपस्टिक असो नसो.

मंडपवाल्याच्या साउंडवर गायचं असेल तर तोच डीआय बॉक्स तुमचा वाली. तीनशे माणसांच्या लग्नात स्वतःचा स्पीकर नेण्यात काही अर्थ नाही. तिथे साउंडवाला अण्णा असतो, त्याचा मिक्सर लांब मंडपाच्या टोकाला असतो. गिटारीची साधी पी-38 पिनची, म्हणजे जाड गोल एकेरी पिनची वायर पाच-सहा मीटरच्या पुढे नेली की ट्रेबल मरतो आणि दिव्यांच्या माळांचा गुणगुणाट आत शिरतो. डीआय बॉक्स तोच सिग्नल तीन काड्यांच्या कॅनन पिनच्या बॅलन्स्ड वायरवर चढवतो. त्या वायरीत एकच सिग्नल दोन तारांवरून एक सुलटा, एक उलटा असा जातो. वाटेत घुसलेली घरघर दोन्हीवर सारखीच बसते आणि पलीकडे पोचल्यावर वजा होऊन जाते. मग तीस मीटर गेली तरी फिकीर नाही. मात्र बऱ्याच मंडपवाल्यांच्या ॲम्प्लिफायरला कॅननचं भोकच नसतं, सगळीकडे पी-38. म्हणून कॅननवरून पी-38 ला नेणारा ट्रान्सफॉर्मरवाला अडॅप्टर जवळ ठेवा. आणि अण्णाला आधी नमस्कार करा, चहा विचारा, मग सांगा, "अण्णा, गाण्याला इको नको हां, थोडा रिव्हर्ब चालेल." इको म्हणजे शब्द पुन्हा पुन्हा ऐकू येणं, रिव्हर्ब म्हणजे नुसता हॉलचा घुमारा. त्यांना नारळ फोडण्यापासून पंगत उठेपर्यंत इको लावायची सवय असते.

अर्थिंग

खानापूरकडच्या एका गावात माईकला ओठ लागला आणि मुंगी चावल्यासारखं झालं. वाटलं, थंडी आहे, सुकलेल्या ओठाला जाळी लागली असेल. दुसऱ्यांदा लागला तेव्हा डोळ्यांपुढे काजवे. माझे बोट तारांवर, तारा ॲम्पला जोडलेल्या, ॲम्प एका बोर्डवर. माईक दुसऱ्या ॲम्पला, तो दुसऱ्या बोर्डवर. एका बोर्डला अर्थिंग होतं, दुसऱ्याला नव्हतं. दोन्हींच्या मधला दुवा कोण, तर मी. घरात येणारी वीज 230 व्होल्टची असते, हा गंमतीचा विषय नाही.

तेव्हापासून माझा नियम असा. माझं सगळं एकाच एक्स्टेन्शन बोर्डवर. बोर्ड तीन पिनांचा, तिसरी जाड पिन शाबूत. ती पिन कापून टू-पिन सॉकेटात घुसवणारा कितीही अनुभवी इलेक्ट्रिशियन असला तरी त्याचं ऐकायचं नाही. सॉकेटात खुपसून तीन दिवे बघायचा छोटा टेस्टर मिळतो, तो पहिल्यांदा लावायचा. त्यानंतर तारांना आणि माईकच्या जाळीला साधा स्क्रूड्रायव्हर टेस्टर टेकवायचा. लुकलुकला तर गाणं नाही. माईकला स्पंजची टोपी घातली की झटका बसत नाही असं एकाने मला शिकवलं होतं. झटका जागच्या जागी असतो, फक्त तुम्हाला कळत नाही. गुणगुणाट काढायला डीआय बॉक्सवरचं 'ग्राउंड लिफ्ट' बटण आहे. ते सिग्नलचा ग्राउंड सोडवतं, विजेच्या अर्थिंगला हात लावत नाही, म्हणून ते बिनधास्त वापरा.

चालू करताना मिक्सर आधी, स्पीकर शेवटी. बंद करताना स्पीकर आधी. उलटं केलंत तर 'धाप्' असा आवाज होतो आणि पहिल्या रांगेतलं बाळ रडतं.

आता स्पीकर

वॅटच्या आकड्याला भुलू नका. पाच हजार वॅट लिहिलेला माझा ट्रॉली स्पीकर घरातल्या मिक्सरएवढीसुद्धा वीज खात नव्हता. खोक्यावर 'पीएमपीओ' किंवा 'पीक' असेल तर तो आकडा सोडून द्या, 'आरएमएस' किंवा 'कंटिन्युअस' शोधा, म्हणजे सलग मिळणाऱ्या ताकदीचा आकडा. आणि वॅट दुप्पट केले की आवाज दुप्पट होत नाही; फक्त तीन डेसिबल वाढतो, जेमतेम कळेल एवढा. कानाला दुप्पट वाटायला साधारण दहापट वॅट लागतात. म्हणून 300 आणि 500 मध्ये निवड करताना वजन बघा.

वजनाची माझी परीक्षा सोपी आहे. स्पीकर ॲक्टिव्हाच्या पायाशी, गिटार पाठीवर, स्टँड आडवे बांधलेले, वायरी डिकीत. हे सगळं एका फेरीत जात नसेल तर ते माझ्या कामाचं नाही. गाडी नव्हती तेव्हा मी खानापूरला बसनेच जायची. 2023 च्या जूनमध्ये कर्नाटकात बायकांना बस फुकट करणारी शक्ती योजना सुरू झाल्यापासून माझं तिकीट शून्य रुपयांचं. कंडक्टरने एकदा ट्रॉलीकडे बघून विचारलं, "आणि हे गंडसू कुणाचं?" गंडसू म्हणजे कन्नडमध्ये पुरुष. त्याचं तिकीट घ्यावं लागलं.

तीन रस्ते आहेत. पहिला, अकॉस्टिक ॲम्प. गिटार आणि माईक दोन्हीला चॅनेल, रिव्हर्ब आत, मिक्सर नको. फिशमनचा लाउडबॉक्स मिनी 60 वॅटचा, नऊ किलोच्या आसपास. चाळीस-पन्नास माणसं बसून ऐकणार असतील तर एवढा पुरतो, गिटार त्यावर सगळ्यात गोड येते, आणि मागून डीआय आउटही निघतो. दुसरा, बॅटरीवाला छोटा पीए, म्हणजे माईक आणि गिटार थेट लागणारा स्पीकर, उदाहरणार्थ बोसचा एस1 प्रो. वजन सात किलो, बॅटरी भरली की अख्खा कार्यक्रम निघतो. असल्या स्पीकरांत फँटम पॉवर बहुधा नसते, पण डायनॅमिक माईक घेतला असेल तर तिची गरजच काय? तिसरा, दहा इंची ॲक्टिव्ह (आतच ॲम्प असलेला) स्पीकर आणि चार-सहा चॅनेलचा मिक्सर. पैशाला आवाज सगळ्यात जास्त इथेच मिळतो, पण नग वाढतात, वायरी वाढतात, मांडायला अर्धा तास लागतो.

मी दुसरा रस्ता धरला, तोही सेकंडहँड, आणि कारण जांबोटी. जुलैत तिकडे पाऊस कोसळतो आणि लाईट जाते. रिसॉर्टचा जनरेटर सुरू होईपर्यंत पाच-सात मिनिटं काळोख. ॲम्प असता तर गाणं अर्ध्यात तुटलं असतं. बॅटरीवर मात्र चालूच राहतं, आणि खरं सांगायचं तर त्या काळोखातल्या पाच मिनिटांत लोक जेवढं ऐकतात तेवढं दिव्यात ऐकत नाहीत.

बारा इंची स्पीकर, सब-वूफर वगैरे एकट्या गिटारीला लागत नाही. ते भाड्याने मिळतं, मिळू द्या.

मांडणी

स्पीकर जमिनीवर ठेवला की पहिल्या रांगेचे गुडघे गाणं ऐकतात आणि मागच्या रांगेला काही जात नाही. स्टँड घ्या, बहुतेक स्पीकरांच्या बुडाचं भोक 35 मिलिमीटरच्या दांड्याचं असतं. वरचा छोटा हॉर्न, म्हणजे बारीक आवाजाचा भोंगा, बसलेल्यांच्या डोक्यांच्या वर आला पाहिजे. स्पीकर तुमच्या पुढे आणि थोडा बाजूला. अगदी पाठीमागे ठेवला तर तो माईकच्या तोंडात गातो आणि शिट्टी ठरलेली. अंतर दुप्पट झालं की मोकळ्यात सहा डेसिबल पडतात, म्हणून बागेतल्या कार्यक्रमात आवाज वाढवण्यापेक्षा खुर्च्या पुढे ओढायला सांगा.

साउंडचेकला लांब वायर लावून वाजवत वाजवत शेवटच्या टेबलापर्यंत चालत जा, नाहीतर तिथे फोन रेकॉर्डिंगला ठेवा. रिकाम्या हॉलमध्ये टोचणारा ट्रेबल माणसं भरली की कमी होतो, म्हणून फार कापू नका. आधी गळा लावा, शब्द कळेपर्यंत. गिटार मग त्याच्या खाली सरकवा. गिटारवाल्याला हे जड जातं, मला अजून जातं.

वायरीवरून आजी पडू नयेत म्हणून टेप लावा. खाकी टेप नको, फरशीला डिंक सोडतो आणि कार्यालयाचा मॅनेजर तुमच्याकडून पुसून घेतो. पावसाळ्यात गिटारीच्या पेटीत सिलिका जेलच्या पुड्या टाका, नाहीतर लाकूड फुगून तारा वर उचलतात.

मोकळ्या जागेत लाउडस्पीकरला परवानगी लागते, आणि रात्री 10 ते सकाळी 6 तो बंद. हे 2000 सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांत आहे. राहत्या वस्तीत दिवसाची मर्यादा 55 डेसिबल. मालकाने परवानगी काढलीय का ते ॲडव्हान्स घेतानाच विचारा. पावणेदहाला मॅनेजर येऊन "साउंड कम्मी माड्री" म्हणाला की वाद घालू नका, शेवटची दोन गाणी हळू आवाजातली ठेवलेली असली की झालं.

खरेदीला इथे बसून ऑनलाइन मागवण्यापेक्षा एकदा जाऊन या. मुंबईचा लॅमिंग्टन रोड आणि बेंगळुरूचा एसपी रोड, दोन्ही बेळगावपासून साधारण पाचशे किलोमीटर, रात्रीच्या गाडीने सकाळी पोचता. सीमेवर राहण्याचा एवढा तरी फायदा. जाताना स्वतःची गिटार आणि स्वतःचा माईक घेऊन जा. दुकानदार त्याची महागडी गिटार लावून दाखवेल, तिच्यावर कुठलाही स्पीकर छान वाजतो. त्याला म्हणावं, दादा, हिच्यावर लावा. मग जी मेजर मारा आणि गिटार हूं करते का बघा.